गाण्यातला बाप आणि बंबाचा पाऊस

बिश्केक,
ऑगस्ट अखेर

माझ्या थोरल्या बहिणीस, बुरुलचा एजेंना, धाकट्या रिस्बेकचा वाकून सलाम.

तुमचे गुडघे कसे आहेत? घोड्या दूध बरं देताहेत ना, आणि कुमिस यंदा नीट आंबला का? (मागचा पाठवलेला आम्ही संपवला. कानिशाय म्हणते, 'आम्ही' नव्हे.) इकडे मी, तुमची भावजय कानिशाय आणि भाची बेगायिम तिघंही सुखरूप आहोत. मला तेवढी सर्दी झाली आहे, आणि ती कशी झाली हे तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐकावं, म्हणून हे पत्र.

मी इथल्या कला महाविद्यालयात सिनेमाचं सौंदर्यशास्त्र शिकवतो हे तुम्हाला ठाऊक आहे (गावात तुम्ही 'आमचा रिस्बेक सिनेमा दाखवतो' असं सांगता, ते जरा वेगळं). यंदा मला खुल्या व्याख्यानाचा मान मिळाला. विषय मी घेतला, आपल्या पॉप गाण्यांच्या व्हिडिओंतले दृश्यसंकेत. महिनाभर घरात दुसरं काही लावू दिलं नाही. एजे, काय काय पाहिलं म्हणून सांगू. झाडाचं पान हलत नाही, पण नायिकेचे केस मात्र उडताहेत. नायक इतका गरीब की मुलगी मिळत नाही, पण शर्टाला कडक इस्त्री. जिथे शेळीसुद्धा चढणार नाही अशा कड्यावर पांढरी मोटार उभी. तो विरहाने तळमळतोय आणि त्याच्यामागे सोनेरी झग्यातल्या चौघीजणी नाचताहेत, ज्यांना त्याच्या दुःखाची कुणी कल्पनाच दिलेली नाही. पाऊस पडतो तो फक्त माणसांवर, मागच्या डोंगरावर लख्ख ऊन. आणि बाप. मुलीचा बाप नेहमी पाठमोरा, हात मागे बांधून उभा. दोन कडवी तो कुणाचं ऐकत नाही आणि तिसऱ्यात, काही कारण नसताना, विरघळतो. हा बाप म्हणजे आळशी दिग्दर्शकाने उभा केलेला खांब आहे, असं मी व्याख्यानात म्हणालो. लोक पोट धरून हसले.

आता एक गोष्ट तुमच्यापासून काय लपवायची. हे वाक्य मी शेवटच्या रांगेकडे बघून म्हटलं. तिथे तिलेक बसला होता. तिलेक म्हणजे असलेच व्हिडिओ करणारा दिग्दर्शक, आणि त्याला बेगायिमशी लग्न करायचं आहे. वसंतातच मी त्याला नाही म्हणून सांगितलं होतं. ज्याचं पोट वाऱ्याच्या पंख्यावर चालतं त्याच्या घरी मी मुलगी देणार नाही, हे माझे शब्द. तेव्हापासून बेगायिम माझ्याशी मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलत होती. (खरं तर मीठही ती स्वतःच उठून घ्यायची.)

व्याख्यान संपल्यावर तिलेक पुढे आला. रागावला नाही. म्हणाला, "सर, सगळं पटलं. फक्त बापाबद्दल चुकलात. तो असा का उभा राहतो ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. आम्हाला एक बाप हवाच आहे. सरोवरावर या."

मी अभ्यासक म्हणून गेलो, सोबत कानिशाय आणि बेगायिम. शूटिंग बघायला निघताना कानिशायने लग्नकार्यातली शाल घेतली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

इसिक-कुल सरोवराच्या काठावर सकाळीच सगळा बाजार मांडलेला. पांढरी मोटार वाळूत रुतलेली आणि सोनेरी झग्यातल्या मुली ती ढकलताहेत. नायिकेचा गुच्छ घोड्याने खाल्ला. पावसासाठी आगीचा बंब आणलेला, आणि त्याचं पाणी थेट डोंगरातलं, बर्फासारखं गार. मी तिलेकला विचारलं, पश्चात्तापाला पाऊस कशाला लागतो? तो म्हणाला, "सर, तुम्हाला कोरडा पश्चात्ताप झालेला कुणी पाहिलाय का?"

मागून कानिशाय म्हणाली, "ओलाही नाही पाहिला."

मग मला पाठमोरं, हात मागे बांधून उभं केलं. समोर पाणी, मागे माणसं. एजे, पहिल्यांदा गंमत वाटली. मग कळलं की तसं उभं राहिलं की आपला चेहरा कुणाला दिसत नाही, आणि म्हणूनच माणूस तसा उभा राहत असावा.

बंब सुरू झाला. नायिकेच्या चिकटवलेल्या पापण्या पाण्याने सुटून गालावर आल्या, ती तंबूत गेली. गायक घसा जपायला मोटारीत बसला. प्रकाश जमवायला कुणीतरी उभं राहायला हवं म्हणून बेगायिमला बोलावलं, आणि तिच्या शेजारी तिलेक स्वतःच उभा राहिला. मला म्हणाला, वळा आणि तळहात उघडून आशीर्वाद द्या, शब्द कुठलेही चालतील, वर गाणं येणार आहे. मी वळलो. बेगायिम चिंब भिजली होती आणि कित्येक महिन्यांनी सरळ माझ्याकडे बघत होती. मला दुसरे शब्द येत नव्हते, म्हणून तुमच्या लग्नात बाबा म्हणाले होते तेच म्हटले. तुमच्या दाराला आतून कडी लावायची वेळ येऊ नये, तुमच्या कढईचा तळ दिसू नये. 'कढई'पाशी माझा आवाज गेला. बाबांचाही तिथेच गेला होता. काठावरच्या सगळ्यांनी तळहात चेहऱ्यावरून फिरवले आणि एका सुरात 'ओमीन' म्हटलं.

शेजारी उंच टोपी घालून एक म्हातारा बसला होता. मी त्याला किरकोळ नट समजत होतो. तो उठला, मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाला, "चला व्याही, आता कोरडे कपडे घाला." तो तिलेकचा बाप निघाला. तंबूत बोकड आधीच शिजत होता.

मी रागावणार होतो. पण बेगायिमने येऊन माझ्या खांद्यावर कोट टाकला आणि म्हणाली, "बाबा, मीठ बघा बरं रश्शातलं." मग रागवायचं राहूनच गेलं.

लग्न शरदात आहे. बोलावणं घेऊन मी स्वतः येईनच. तोवर मुलांना पापा, भावजींना सलाम, आणि गुडघे शेकत जा.

तुमचा,
रिस्बेक

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. तुमच्या शेजारच्या गुरांच्या डॉक्टरच्या आईला बेगायिमबद्दल मी उन्हाळ्यात शब्द देऊन बसलो आहे (हे इथे कुणालाच ठाऊक नाही). तुम्ही जाऊन 'जमत नाही' म्हणून सांगाल का? तुमच्याशी त्या जरा नरमाईने बोलतात.

आणखी ता. क. परवापासून तो व्हिडिओ टीव्हीवर लागतोय. नायिकेचा प्रसंग कापून तिलेकने आमचाच ठेवला आहे, तेव्हा त्या माउलीने पाहिला असेल तर तुमची फेरी वाचली. गावात कुणी विचारलं रिस्बेक का रडतोय, तर डोळ्यात धूळ गेली म्हणून सांगा. एवढ्या पावसात धूळ कुठून आली असं विचारलं, तर तुम्ही चहा टाकायला आत जा.