आईचे दोन्ही हात

ताई,
आजचा नमस्कार जरा रुसूनच.

मी मजेत आहे, हीटर दुरुस्त झालाय, जेवते वेळेवर. आईला तसं सांग. पण तू पाठवलेला फोटो पाहून माझ्या पोटात दुखलं. आईचे दोन्ही हात तुझ्याच हातात! फोनही तूच धरतेस, तिची उत्तरंही तूच देतेस.

प्रयोगशाळेत काल असंच झालं. साखर धरणाऱ्या प्रथिनाला दोन हात असतात, रोगाशी लढणाऱ्या प्रतिपिंडांसारखेच. एका हाताने एका रेणूवरची साखर धरायची, दुसऱ्याने दुसऱ्यावरची. मग जाळी विणली जाते आणि नळीत पांढरा साका बसतो. मी हावरटासारखं धरणारं प्रथिनच भसाभस ओतलं. सगळी साखर एकेका हातानेच अडवली गेली, दुसरे हात रिकामेच लोंबकळत राहिले. साका बसलाच नाही. शेजारच्या टेबलावरचीचा मात्र कसा छान बसला होता! तिचाही हेवा वाटला.

तेव्हा बाईसाहेब, आईचा एक हात मला ठेवा. रविवारी फोन तिच्या हातात दे. बोलली नाही तरी चालेल, नुसता धरू दे.

आणि ताई, खरं सांग. फोटोत तिचे हात तू इतके घट्ट का धरलेस? थरथर वाढलीय का गं?

तुझी जळकुटी धाकटी