वीरगळीवरचं उलथनं

आप्पा, आज बेटावर जाऊन आले. नाववाल्यानं म्हातारी म्हणून हात धरला, तो मी सोडवून घेतला. कृष्णेच्या मधोमध त्या सगळ्या वीरगळी अजून उघड्यावर उभ्या आहेत. हल्ली शहरातली माणसं बघायला येतात. आपली शेवटच्या रांगेत, चिंचेपाशी.

महायुद्धात दादा ब्रह्मदेशात गेला आणि तो मेल्याची तारच आली. पाथरवटाच्या लेकाचा दगड बापानंच घडवायचा, म्हणून तुम्ही रडला नाहीत, दगड निवडलात. गुळाची काहील नदीत सोडून आपण दोघांनी तो बेटावर नेला. तुम्ही घोडा कोरलात, ढाल कोरलीत, हातात तलवार दिलीत. दादा जन्मात घोड्यावर बसला नव्हता. तो पलटणीचा लांगरी, शंभर माणसांच्या रोट्या भाजणारा. गोळ्या सुटल्या तरी चूल सोडून पळाला नाही, असं त्याचा सोबती सांगून गेला होता.

"आवं आप्पा, त्यो सैपाक करायचा. तलवार कशापायी?"

"वीरगळीवर सैपाकी बसत न्हाई. लोकं हसत्याली."

"हसू द्या की!"

"लय जीभ चालतीया तुजी. गप ऱ्हा."

दुपारी चिंचेखाली तुमचा डोळा लागला तशी मी छिन्नी उचलली. बाईनं पाथरवटाच्या हत्याराला शिवायचं नाही, हे मला काय ठाऊक नव्हतं? तलवारीचं पातं तासून दांडा केला, टोक रुंद राहू दिलं. झालं उलथनं. तुम्ही उठलात, बघितलंत, आणि माझ्या थोबाडीत मारलीत. "हत्यारं बाटवलीस," म्हणालात. त्यानंतर तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत, मीही नाही.

मी चुकले नाही, आप्पा. आज छिन्नी दिलीत तर आजही तेच करीन. ज्यानं दादा जगला, मेला, तेच त्याच्या हातात हवं. हसणारे हसून मेले, उलथनं आहे तिथंच आहे.

हे पत्र कुठे टाकायचं? ट्रंकेत ठेवते. पण एक सांगायचं राहिलंय. माझ्या हातून दांडा वाकडा झाला होता. पुढच्या वर्षी गेले तर तो सरळ होता, आणि शेवटाला खुंटीला अडकवायची कडी होती, आपल्या घरच्या उलथन्याला होती तशी. इतकं बारीक काम त्या मुलखात फक्त तुमचं. मला तेव्हाच कळलं होतं. तरी तुम्ही जाईपर्यंत रुसून राहिले, कारण तुमच्यावर रागावणं दादासाठी रडण्यापेक्षा सोपं होतं.