नानांची गाडी, माझा रंग

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठं काम हातात घेतलं की नोंद असलेली बरी. उद्या कोणी विचारलंच कसं केलंत, तर तारीखवार सांगता येईल.

काम: नानांची गाडी. दोन सीटची, टप उघडणारी, खरीखुरी स्पोर्ट्स कार. नाना म्हणजे माझे वडील. गाडी त्यांनी तरुणपणी हौसेने घेतली आणि तेव्हापासून घरात कुणालाही तिच्या स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. मला तर नाहीच नाही. आता डोळे गेले. उजेड कळतो, समोर कोणीतरी उभं आहे हे कळतं, कोण ते आवाजावरून. तरी रोज संध्याकाळी भिंत धरत धरत गॅरेजमध्ये जातात, सीटवर बसतात, इंजिन चालू करतात, थोडा वेळ ऐकतात आणि बंद करून परत येतात. क्लचची केबल तुटल्यामुळे गाडी जागची हलत नाही.

आज जेवताना म्हणाले, ती केबल बदलून घे आणि मला एकदा तळ्याच्या रस्त्याने फिरवून आण. तू चालव.

तू चालव. माझा घास हातातच राहिला.

ही म्हणाली, मग उद्याच केबल आणा, अर्ध्या दिवसाचं तर काम आहे. हिला लांबचं दिसत नाही. पहिल्यांदा गाडी माझ्या हातात येतेय आणि ती काय जागोजागी रंग उडालेली चालवू? करायचं तर नीट करायचं. गाडी पूर्ण उघडणार, घासणार, नवा रंग देणार. सगळं घरी, स्वतःच्या हाताने. मार्चअखेर नानांना फिरवून आणणार. ठरलं.

९ फेब्रुवारी
सीटा निघाल्या. डॅशबोर्ड, स्टिअरिंग, दोन्ही दारं, बंपर, दिवे, सगळं निघालं. सकाळी आठला सुरुवात, चारला मोकळा. उगाच लोक या कामाचा बाऊ करतात. व्हिडिओतला तो दाढीवाला हेच काम तीन भागांत करतो. बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत भरले, मार्करने नावं लिहिली. शिस्त म्हणजे शिस्त.

संध्याकाळी नाना नेहमीसारखे आले. वाकून सीट चाचपली. सीट नव्हती. बराच वेळ नुसते पत्र्यावर हात ठेवून उभे. मग विचारलं, इंजिन तरी चालू करतोस का? बॅटरी काढली आहे म्हटलं. किती दिवस लागतील म्हणाले. म्हटलं, नाना, घाई करू नका. ही बाहेर येऊन त्यांना आत घेऊन गेली. जाताना माझ्याकडे एक नजर टाकली. मी लक्ष दिलं नाही.

१५ फेब्रुवारी
इंजिन बाहेर काढलं. काढावंच लागतं, नाहीतर त्याच्या खालची जागा रंगवणार कशी? साखळीची कप्पी भाड्याने आणली. इंजिन आता कोपऱ्यात जुन्या टायरवर बसलंय, त्यावर चादर टाकली आहे. ही म्हणाली, चालत्या इंजिनाने तुमचं काय घोडं मारलं होतं? शिवाय ती चादर चांगल्यातली होती म्हणे. मग चादरींवर तसं लिहून ठेवत जा म्हटलं. रात्री भाजी अळणी होती.

२३ फेब्रुवारी
घासकाम पूर्ण. जुना रंग सगळा उतरवला, आतला पत्रा चांदीसारखा लखलखतोय. इतका आनंद मला बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता. (बढती अजून मिळालेली नाही, पण कल्पना आहे.)

शेजारचे बँकवाले येऊन बोलून गेले. त्यांच्या पांढऱ्या गाडीवर लाल धूळ बसली म्हणे. पुसा की. पुन्हा असं झालं तर तक्रार करीन म्हणाले. एवढ्या वर्षांचा शेजार, पण माणूस कळायला एक गाडी पुरते.

२८ फेब्रुवारी
ऑफिसच्या ट्रेनिंगला बाहेरगावी जावं लागलं. परत येऊन पाहतो तर सगळ्या पत्र्यावर बारीक तांबूस गंज. सगळ्या. कपाळाला हात लावून खाली बसलो.

गॅरेजची खिडकी कोणी उघडी ठेवली याचा तपास केला. हिने. नानांना गुदमरतं म्हणून. वर मलाच ऐकवलं, उघड्या पत्र्याला लगेच प्राइमर मारायचा असतो हे तुमच्या दाढीवाल्याने सांगितलं नाही का. सांगितलं होतं. पण घरातल्यांनी साथ दिली तर त्या सांगण्याला अर्थ.

निश्चय: यापुढे चिडायचं नाही. नानांचा फेरफटका एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. उलट हवा बरी असेल.

८ मार्च
पुन्हा घासलं. पुन्हा लखलखीत. लगोलग प्राइमर मारला. पण वाफ फार. बाहेर सोडली तर बँकवाल्यांची गाडी आहेच. विचार केला आणि उत्तर सापडलं: एक्झॉस्ट फॅन घराकडच्या भिंतीत बसवला. आता धूळ, वाफ सगळं पॅसेजमध्ये जातं आणि तिथून आपोआप निघून जातं. बँकवाल्यांना बोलायला जागा नाही.

पॅसेजला लागून नानांची खोली आहे. दार लावून घ्या म्हणून सांगितलंय.

१२ मार्च
नानांना खोकला. हवा बदलतेय. या वयात व्हायचंच.

१६ मार्च, रविवार
रंग ठरवला. नानांना विचारलं, म्हणजे विचारायचं म्हणून विचारलं. ते लगेच म्हणाले, होता तोच, गडद लाल, त्यात जरा जांभळ्याची झाक. मग तो रंग पहिल्यांदा कुठल्या दुकानाच्या काचेतून पाहिला, आई तेव्हा काय म्हणाली होती, सगळं सांगत बसले. बोलता बोलता खोकत होते.

खरं सांगायचं तर तो रंग म्हातारा दिसतो. स्पोर्ट्स कार पिवळीच हवी. पिवळा आणला. चालवणार मी आहे, लोक बघणार ते मला. नानांना होता तोच रंग आणला म्हणून सांगितलं. त्यांना दिसणार नाहीच, मग उगाच दुखवा कशाला? कधीकधी आपल्या माणसासाठी एवढं खोटं बोलावं लागतं. हिला मात्र डबा दाखवला नाही, लपवून ठेवला.

२२ मार्च
पहिला हात मारला.

दुपारी: ओघळ आलेत. बॉनेटवर जास्त, दारांवर त्या मानाने कमी. शिवाय मधेमधे माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडली आहेत, रंग तिथे बसतच नाही. दाढीवाला म्हणतो पत्र्यावर कसलं तरी तेल असलं की असं होतं. तेल कुठून येणार? फक्त गॅरेजचं दार करकरत होतं म्हणून बिजागरांवर स्प्रे मारला होता, तेवढाच. या स्प्रेच्या कंपन्या काय वाटेल ते विकतात.

संध्याकाळी: जरा लांबून पाहिलं. खूप लांबून पाहिलं तर छान दिसते.

३० मार्च
घासलं. पुन्हा मारला. ओघळ आहेत, पण आता त्यांच्यात एक सारखेपणा आलाय.

नवी भानगड. पिशव्यांवरची नावं गेली. थिनरचा हात लागला की मार्कर पुसला जातो हे त्या मार्करवर कुठेही लिहिलेलं नाही. आता नाव नसलेल्या पिशव्यांचा ढीग आहे. ही म्हणाली, आता काय करणार? म्हटलं, अंदाजाने. तिने हात जोडले.

नानांनी विचारलं, झाली का? म्हटलं, झाल्यातच जमा. मग केबल आणलीस का म्हणाले. नाना एकाच गोष्टीत अडकून बसतात.

६ एप्रिल
हिने मला न विचारता नानांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, खोकला हवेचा नाही, थिनरचा आहे. छाती भरली आहे, यांना त्या वासातून हलवा. एक्झॉस्ट फॅनची दिशा कोणी ठरवली असंही विचारलं म्हणे. डॉक्टरांनी औषधापुरतं बोलावं.

त्यावर हिने थेट ताईला फोन केला. ताई, माझी मोठी बहीण, वीस तारखेला येऊन नानांना कायमचं तिच्याकडे नेणार. मला कोणी काही विचारलं नाही. या घरात माझा शब्द कोण विचारतो म्हणा.

रात्री नानांनी हाक मारली. म्हणाले, जाण्याआधी तेवढा तळ्याचा रस्ता दाखव. पुन्हा येणं होईल असं वाटत नाही. आवाज बसला होता. म्हटलं, शब्द देतो, वीस तारखेच्या आत. त्यांनी माझा हात दाबला. असा हात त्यांनी शेवटचा कधी दाबला होता, आठवलं नाही. 

दोन आठवडे म्हणजे भरपूर झाले. फक्त इंजिन, वायरिंग, सीटा, दारं, काचा, ब्रेक.

१३ एप्रिल
ऑफिसला आठवडाभर आजारी असल्याचं कळवलं. इंजिन आत बसवायला घेतलं. एका बाजूने बसतं, दुसऱ्या बाजूने उचललं जातं. कप्पीची साखळी सुटून नव्या पिवळ्या रंगावर आदळली. त्याचं आता बोलायला नको.

डावं दार लागत नाही. तिथे पुट्टी जरा सढळ हाताने भरली गेली असावी. उजवं लागतं, पण मग उघडत नाही.

१९ एप्रिल, शनिवार
सकाळी सहा: आज रात्रीपर्यंत करायचंच. नानांना सांगितलं, उद्या सकाळी तयार राहा.

दुपारी दोन: इंजिन तिरकं.

चार: ही चहा ठेवून गेली. काही बोलली नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

सात: असं करू, उद्या ताईलाच म्हणू एक दिवस थांब. एका दिवसाने कोणाचं काय बिघडतं?

२० एप्रिल, रविवार
नाना पहाटेपासून इस्त्रीचा शर्ट घालून पॅसेजमध्ये खुर्चीवर बसले होते. मी त्या वाटेने गेलो नाही, मागच्या दाराने गेलो.

दहाला ताई आली. स्वतःची छोटी गाडी चालवत आली, सरळ गॅरेजमध्ये शिरली आणि पहिलं वाक्य काय, तर पिवळी का केलीस? नाना तिच्या मागेच उभे होते.

नानांनी विचारलं, पिवळी?

मी म्हटलं, नाही, हा प्राइमर आहे. ताई म्हणाली, चकचकीत प्राइमर मी पहिल्यांदा पाहते. मी तिला डोळ्यांनी खुणावलं तर ती म्हणाली, खुणा काय करतोस, सांग ना त्यांना. नानांनी पुढे होऊन बॉनेटवर हात ठेवला. सावकाश फिरवत नेला, एका ओघळापाशी थांबला, तिथून पुढच्या ओघळापाशी. हे काय म्हणाले. म्हटलं, घासलं की निघेल.

मग म्हणाले, बसव मला आत. सीट नाही हे सांगायचं धाडस झालं नाही. रंगाचा रिकामा डबा पालथा घातला आणि त्यावर बसवलं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, जिथे स्टिअरिंग असायचं तिथे. हात थोडा वेळ तसेच अधांतरी. मग पायाने पेडल शोधली. तीही मी रंगवायला काढून ठेवली आहेत. मग मान वर करून वास घेतला. खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर म्हणाले, चला.

मी हात पुढे केला होता. त्यांनी ताईला हाक मारली आणि तिचा हात धरून उठले.

ताईच्या गाडीत बसताना काच खाली ठेवायला सांगितली. गेले. मी फाटकापर्यंत गेलो होतो. एवढे महिने हाडाची काडं केली, एका शब्दाने कौतुक नाही. बरं, कौतुक राहू दे. निदान येतो तरी म्हणायचं.

ही आत जाऊन पॅसेजमधली खुर्ची जागेवर ठेवून आली.

२७ एप्रिल
ठरवलं. पिवळा सगळा काढायचा. पुन्हा पत्र्यापर्यंत. होता तोच रंग द्यायचा, गडद लाल, जांभळ्याची झाक असलेला. नाना खूश होतील. फॅन उलटा करून बसवला, बँकवाले गेले खड्ड्यात. पावसाच्या आत गाडी घेऊन ताईच्या दारात उभा राहणार, सगळ्यांची तोंडं बंद.

४ मे, रविवार
ताईला फोन केला. म्हणाली, आत्ताच फिरून आलो. रोज संध्याकाळी ती नानांना तिच्या त्या छोट्या गाडीतून गावाबाहेरच्या रस्त्याने नेते. नाना शेजारी बसतात, काच खाली, कान इंजिनाकडे. आता तिसरा टाक, आता सोड, असं सांगतात आणि ती तसं करते. तुझा क्लच स्लिप होतोय असं त्यांनी परवा सांगितलं, दाखवला तर खरंच निघालं. खोकला गेला. दोन वेळा जेवतात. परवा चक्क गाणं म्हणत होते म्हणाली. माझ्यासमोर नाना कधी गुणगुणलेसुद्धा नाहीत.

मग फोन नानांकडे दिला. मी एका दमात सगळं सांगितलं: पिवळा काढतोय, तुमचाच रंग देतोय, इंजिन नीट बसवून घेतो, सीटा शिवायला टाकतो, थोडा वेळ लागेल, पण तळ्याच्या रस्त्याला नेणार म्हणजे नेणार. किती दिवस असं ते विचारतील म्हणून उत्तरही तयार ठेवलं होतं.

नाना म्हणाले, सावकाश कर. मला आता घाई नाही.

सूनबाई बरी आहे ना, ऑफिस ठीक चाललंय ना, एवढं विचारलं आणि फोन ताईला परत दिला.

फेब्रुवारीपासून मी त्यांना हेच सांगत होतो, घाई करू नका म्हणून. आज ऐकलं त्यांनी माझं.