परक्यांचा बांध, आपला बांध

बाबा, काल गावी जाऊन आले. तुम्ही पोलादपूरपासून ट्रंक डोक्यावर घेऊन चढायचा ती पायवाट आता रानात गेली आहे, रिक्षा थेट वरपर्यंत जाते. आल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, आणि खरं सांगायचं तर थोडं भांडावंसंही.

तुमची पलटण गाझाला गेली तेव्हा मी महाडला मामाकडे राहून शिकत होते. गुरुजींनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं, इथे दोन देशांचं भांडण लागलंय आणि आपले जवान निळी टोपी घालून मध्ये उभे आहेत, जगात देशाचं नाव होतंय. मग मला उभं केलं. "हिचे वडील तिथे आहेत." सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला कितीतरी दिवस पुरल्या. सुट्टीत घरी गेले, तर आई गुडघाभर चिखलात एकटी लावणी करत होती. मी तिला टाळ्यांचं सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली, आणि रोपांची पुढची मूठ लावली.

नांगराला बाईने हात लावायचा नाही, बांधही पुरुषांनीच घालायचा, हे तुम्हाला मी काय सांगणार. बांध तर दर पावसाळ्यात चिखल थापून नवा करावा लागतो. शेजारचं भातखाचर तुमच्या चुलतभावाचं. ते आपणहून म्हणाले, "वयनी, तू काय काळजी करू नको. माझा घालताना तुझाबी घालतो." आईला केवढा आधार वाटला. बांधाच्या दिवशी ती त्यांना आवर्जून सुकटीचं कालवण आणि भाकरी वाढायची. आणि काका दरवर्षी तुमच्या बाजूने चिखल थापायचे, स्वतःच्या बाजूने कोरायचे. बांध इंचाइंचाने आपल्या खाचरात सरकत होता. आपलं करंजाचं झाड बांधापलीकडे उभं दिसलं, तेव्हा कुठे आईच्या लक्षात आलं. काकांना विचारलं तर म्हणाले, "झाड तिकडंच व्हतं, वयनी."

मी म्हटलं, बाबांना कळवू या. आईने मला गप्प केलं. "परमुलखातल्या मानसाला घरचं वाकडं कळवू नये. तिकडं त्याचा हात चुकंल." आपल्याकडे सगळ्याच फौजींच्या घरी ही रीत होती. त्यामुळे तुम्हाला नेहमी सगळं क्षेमच कळत गेलं.

मग तुम्ही शिमग्याला आलात. आईला नायलॉनची साडी आणलीत, खजूर आणलात. संध्याकाळी घरापुढची ओटी माणसांनी भरून गेली आणि तुम्ही रंगात येऊन सांगताय, "ह्यांना तिकडं जाऊ दिलं नाय, त्यांना इकडं येऊ दिलं नाय. रेघ म्हंजे रेघ." काका तुमच्या अगदी जवळ बसलेत, खजूर खातायत, सगळ्यात जास्त प्रश्न तेच विचारतायत. माणसं उठून गेल्यावर आई चुलीपासून म्हणाली, "आता उद्या आपली रेघबी बघून या."

सकाळी तुम्ही गेलात, मी मागोमाग. करंजाजवळ बराच वेळ उभे राहिलात. घरी येऊन विचारलंत, "कळवलं का नाय गो?"

आई भाकरी थापत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. "कळवून? सुट्टी दिली असती व्हय तुमाला? आनि ती साडी ठेवा पेटीत. ती नेसून लावनी करू काय?"

मला वाटलं, तुम्ही आता कुदळ उचलाल, निदान काकांच्या दारात जाऊन दोन शब्द सुनवाल. तुम्ही काहीच केलं नाहीत. पलटण पुन्हा समुद्रापार जाणार होती, काँगोला. पेन्शन मिळण्याइतकी नोकरी झाली होती, घरी राहता आलं असतं. तरी गेलात. याचा मला अजून राग आहे, बाबा. परक्यांच्या भांडणात मध्ये उभं राहणं तुम्हाला जमलं, कारण त्यांच्यातलं कुणी तुमचं नव्हतं. इथे समोर भाऊ होता.

कायमचे परतलात तेव्हा आईचे केस पांढरे झाले होते. मग रोज संध्याकाळी तुम्ही त्या बांधावर जाऊन नुसते उभे राहायचा. काकांनी पुन्हा बांध सरकवला नाही, गेलेली जमीनही परत आली नाही. "आता राखन चाललीय," आई म्हणायची आणि हसायची. ते हसू मला बघवायचं नाही. ती गेल्यावर पेटी उघडली तर साडीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

काल माझा मुलगा बरोबर होता. काकांची नातवंडं मुंबईला, आपलं तर गावात कुणीच नाही. दोन्ही खाचरं पडीक आहेत, कमरेएवढं गवत वाढलंय, करंज कुणी कधी तोडला कोण जाणे. मुलाने विचारलं, "आई, आपलं कुठपर्यंत?" मी गवतात पायाने चाचपत फिरले. बांध लागला नाही. मग मी कुठेतरी हात केला आणि म्हटलं, "हे इथपर्यंत."

त्याला ते खरं वाटलं. हे पत्र धाडायचं तरी कुठे, पण कुणाला तरी सांगायला हवं होतं, बाबा, की तो बांध आता मलाही ठाऊक नाही.