भागीबाईच्या पिकअपचं मिसिंग

४ नोव्हेंबर, मंगळवार

भागीबाईची पिकअप सकाळीच दारात. चौदा वर्षांची गाडी — मिसिंग मारतेय, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नाही. चढावर दम टाकते, मागून पांढरा धूर. ही बाई रोज गिरणाऱ्याहून टोमॅटोचे कॅरेट भरून मार्केटला येते, गाडी स्वतः चालवते. पेठ रोडला गॅरेजं ढीगभर, पण तिला माझंच लागतं. दहा वर्षं झाली.

नेहमीसारखंच केलं. इंजिन चालू ठेवून डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलच्या पाईपचा नट सैल करायचा. सिलिंडर चांगला असेल तर आवाज लगेच पडतो. मेलेला असेल तर फरक पडत नाही. तीन नंबरला थांबलो. नोझल काढून द्वारका चौकातल्या डिझेलपंप-दुरुस्तीवाल्याकडे बदलायला पाठवलं, दुपारी नवीन बसवलं, गाडी दिली.

कंबर धरलीय. आणखी दोन गाड्या उघड्याच पडल्यात. त्यांच्याकडे बघवत नाही.

६ नोव्हेंबर

पुन्हा आली. "दादा, तसंच हाय."

तिच्या शेजारी बसून म्हसरूळपर्यंत फेरी मारली. वाटभर ती काहीतरी सांगत होती, मी हसून मान हलवत होतो. मला तर गाडी गुळगुळीत वाटली. म्हटलं, जुनं इंजिन आहे, थोडं कुरकुरणारच, फार मनावर घेऊ नका. तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि निघून गेली.

बरं झालं. वाद घालायचं त्राण नव्हतं.

७ नोव्हेंबर

काम. जेवण. झोप. लिहिण्यासारखं काही नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

वाईट झालं.

भागीबाईची गाडी मखमलाबादच्या अलीकडच्या चढावर भरल्या मालासकट बंद पडली. मागे सरकायला लागली. तिनं ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, गाडी थांबलीसुद्धा — पण झटका असा बसला की मागे कॅरेटवर बसलेला पुंजा, तिचा नवरा, रस्त्यावर फेकला गेला. मनगट मोडलं. मागून येणाऱ्या बसवाल्यानं वेळेवर गाडी वळवली, नाहीतर आज काय लिहिलं असतं देव जाणे.

दुपारी ट्रॅक्टरनं पिकअप ओढत आणून माझ्या दारात सोडली. भागीबाई दवाखान्यात होती. ट्रॅक्टरवाला एवढंच म्हणाला, तुमच्याकडूनच दुरुस्त झाली होती ना?

हो म्हटलं.

१० नोव्हेंबर

बायकोला, उज्वलाला, जाग यायच्या आत घरातून निघालो. सातला गॅरेज उघडलं. गाडी सुरू केली, पाना घेतला.

एक नंबरचा नट सैल केला — आवाज तोच. घट्ट केला. दोन — तोच. तीन — तोच. चार — तोच.

असं होऊच शकत नाही. चारही मेले तर इंजिन चालेल कसं? पुन्हा पहिल्यापासून केलं. तेच. शेजारचा टायरवाला मुन्ना चहा घेऊन दारात उभा होता. कधीपासून उभा होता कोण जाणे. त्याला आत बोलावलं. म्हटलं, कान दे, मी सैल करतो, फरक पडला की हात वर कर.

एकला हात वर. दोनला काही नाही. तीनला वर. चारला वर.

"उस्ताद, दोन नंबर मेलाय," तो म्हणाला. "इतना साफ तर सुनाई देतंय." मग माझ्या तोंडाकडे बघून चहा तिथंच ठेवून निघाला.

तो गेल्यावर इंजिनच्या कव्हरवर तळहात ठेवून परत बघितलं. एक, तीन, चारला हाताखाली झटका येतो. दोनला काही नाही. हाताला कळतंय. कानाला नाही.

मग मंगळवारी मी तीन नंबर कसा काढला? खरं लिहितो — इथे तरी लिहायलाच हवं. या मॉडेलचा बहुतेक वेळा तीनच जातो. मी ऐकलं नव्हतं. ऐकल्यासारखं केलं. सवयीनं. आणि किती गाड्यांना असं केलंय, तेही आठवत नाही.

११ नोव्हेंबर

दोनचं नोझल बदलून पाहिलं, फरक नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं — निम्मंसुद्धा नाही. इंजिनवरचं हेड उतरवलं. दोन नंबरचा व्हॉल्व्ह एका कडेला जळून गेलेला, नखाएवढी खाच. डोळ्यांना दिसतंय. मंगळवारीच हेड उघडलं असतं तर पुंजाचा हात शाबूत असता.



१३ नोव्हेंबर

गाडी तयार. मुन्नाला शेजारी बसवून भरल्या गाडीनं तोच चढ चढून आलो. दोनदा. त्यानं मान हलवली तेव्हा परत फिरलो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गाडी पोचवायला गिरणाऱ्याला मीच गेलो. पुंजा ओट्यावर, हात गळ्यात. मला बघितलं आणि तोंड फिरवलं.

भागीबाईनं पाणी दिलं. पाटीवरचं वाचून दाखवावं तसं मी तिला सगळं सांगितलं. मला ऐकू येत नाही. त्या दिवशी मी न ऐकताच तीन नंबर म्हणालो. चूक माझी आहे.

ती माझ्या समोर येऊन बसली, तोंड नीट दिसेल अशी.

"दादा, त्या दिवशी गाडीत मी तुम्हाला तीनदा म्हनले, चढावर न्या, चढावर कळंल. तुम्ही नुसते हासत व्हते. मला वाटलं, बाईमानसाला काय कळतंय म्हनून हासत्यात. लय लागलं मला ते."

मी म्हटलं, तसं नव्हतं.

"आता कळलं," ती म्हणाली. "पन यांचा हात त्यानं जुळत नाय."

निघताना पुंजापुढे वाकून हात जोडले. त्यानं बघितलं नाही. बरोबरच आहे. येताना एसटीत बसून आलो.

घरी उज्वलाला सगळं सांगून टाकलं. घरात आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं, कपाटातून एक चिठ्ठी काढून हातात ठेवली — कानाच्या डॉक्टरांचा पत्ता. चिठ्ठीच्या घड्या फाटायला आल्या होत्या.

१७ नोव्हेंबर

काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबा. मी बटणाकडे बघत बसलो. बराच वेळ आवाज आलाच नाही. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी कागदावरची रेघ दाखवली — दोन्ही कानांची, खाली खाली गेलेली. काम काय करता, विचारलं. सांगितलं. मग त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. कानाला मशीन लागेल, म्हणाल्या. गेलेलं परत येणार नाही.

गॅरेज बंदच ठेवलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मशीन बसवलं. परतताना रिक्षात शेजारून कुणीतरी काहीतरी बोललं — घोगरा, फाटका, ओढून काढल्यासारखा आवाज. दचकून वळलो. उज्वलाच होती.

विचारलं, घसा बसलाय का.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, एवढं ओरडून बोलू नका. पण अहो, नाहीतर तुमच्यापर्यंत पोचायचंच नाही."

हे ती अगदी हळू बोलली. मला सगळं ऐकू आलं.