चौथं वचन

४ नोव्हेंबर

...त्या सकाळीही मी अंगण झाडलं, आंघोळीचं पाणी ठेवलं, डाळीतले खडे निवडले. हे ओट्यावर बसून बशीत चहा ओतत होते आणि दर घोटाआधी फुंकर मारत होते. चहा कोमट असला तरी फुंकर मारायचेच. मग गोठ्याकडे गेले, खांबाला टेकून बसले, ते उठलेच नाहीत. वर्ष होत आलं. आज नव्या नोकरीवर निघताना तीच सकाळ आठवत होती, तरी मन खुशीत होतं.

रोहण्याहून पिपरी मेघेला आले. शोभाबाईंची मागची खोली घेतली, खिडकीतून चांगलं ऊन येतं. समोरच्या भिंतीवर यांचा फोटो लावला. गल्लीच्या टोकाला निकेश आणि काजल मोबाइलवर खेळायच्या गोष्टी बनवतात. गोष्ट मध्येच थांबते, पुढे काय करायचं ते आपण निवडायचं, तशी ती वळते. त्यांना वाचून बघणारी बाई हवी होती. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन मी किराण्याच्या पुड्यांवरून आणि गावच्या वाचनालयातून शिकले. काजल म्हणाली, मावशी, तुमीच पाह्यजे होत्या आमाले.

७ नोव्हेंबर

प्रत्येक गोष्टीच्या शेवटी खेळ विचारतो, मजा आली का? हो किंवा नाही, एवढंच दाबायचं.

आज काजलची नवी गोष्ट वाचली. नरहर नावाचा माणूस वारला आहे. दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवलाय आणि कावळा शिवत नाही. मेलेल्याची कोणती इच्छा राहिली ते ओळखून आपण वचन द्यायचं. काजलने तीन वचनं लिहिलीत. लेकीचं लग्न करीन. शेत विकणार नाही. भावाशी बोलेन.

निकेश तिला म्हणाला, पोट्टे बसमंदी गेम खेळतेत, त्याईले तू पिंड दाखवतं? मजा नाई त कोण खेळन? काजल म्हणाली, तू दुसऱ्याच्या लग्नात नवरीपेक्षा जास्त रडतं, ते काय मजेनं?

मी 'नाही' दाबलं आणि पुन्हा सुरू करून मागितलं. निकेश हसला. मजा नाई म्हणता अन् आणखी वाढा म्हणता, मावशी?

१० नोव्हेंबर

यांच्या पिंडालाही कावळा शिवला नव्हता. हे मी इथे कोणाला सांगितलेलं नाही. समोरच्या बाभळीवर बसले होते कावळे, खाली आले नाहीत. दीर मधुकरराव हात जोडून एकेक कबूल करत गेले. विहीर बांधू, वहिनीला अंतर देणार नाही. ऊन चढलं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आलो. यांना काय हवं होतं ते राहूनच गेलं.

आज खेळात तिन्ही वचनं देऊन पाहिली. कावळा मान वाकडी करतो आणि उडतो. यात मजा नाही. पण हातातून सुटत नाही. निकेश म्हणतो, खेळणाऱ्याचं समाधान झालं पाहिजे. मला माझं नको होतं, त्या कावळ्याचं हवं होतं.

१३ नोव्हेंबर

आज गोष्टीतला नरहर बशीतल्या चहावर फुंकर मारत होता. काजलला विचारलं. ती म्हणाली, चहा कुठं लिहिला मी? तिने सगळी गोष्ट उघडून दाखवली. त्यात चहा नव्हता.

मी घरी यायला हवं होतं. पुन्हा सुरू केली.

१५ नोव्हेंबर

चौथी ओळ आली. 'तुम्हाला विसरेन.'

काजलने मोबाइल हातात घेऊन बघितला. तीनच हायेत, मावशी. मला चार दिसत होत्या.

सासरे गेल्यावर सासूबाई कित्येक वर्षं रडल्या. हे चिडून म्हणायचे, मेलेल्याले असं बांधून ठेवू नये, त्याचा जीव अडकते. मग वर्षभर मी काय केलं? बांधूनच ठेवलं. म्हणून कावळा —

१७ नोव्हेंबर

दाबलं. खेळच तर आहे.

कावळा खाली आला. भाताचं एक शीत उचललं. मजा आली का? नाही.

पण रात्री मी पोटभर जेवले. वर्षात पहिल्यांदा.

१८ नोव्हेंबर

चहा बशीत ओतला आणि थांबले. यावर कोणीतरी फुंकर मारायचं. आई असावी. नाही, आई चहा पीत नव्हती —

१९ नोव्हेंबर

मधुकररावांचा फोन. वहिनी, ओमप्रकाशभाऊच्या वर्षश्राद्धाले येजो. हो म्हटलं. ओमप्रकाश कोण, ते विचारायची लाज वाटली. मधुकररावांचा भाऊ. म्हणजे माझा —

पंधरा तारखेचं पान वाचलं. अक्षर माझंच. 'हे' म्हणजे कोण हे?

२० नोव्हेंबर

काजलकडे धावत गेले. म्हटलं, मागे फिरव, माझं वचन परत घे. तिने पहिल्यापासून सुरू करून दिली. तीनच ओळी. कावळा नाही. पिंडही नाही. रिकामा काठ —

ती विचारत होती, काय परत पाह्यजे, मावशी, सांगा ना? निकेश उठून उभा राहिला. मला सांगता येईना. काहीतरी होतं. मोठं होतं. मी रोज ते —

२१ नोव्हेंबर

काल दिवे लागेपर्यंत रडले. कशासाठी, माहीत नाही. सवय असेल.

आज सकाळी भिंतीवर एका माणसाचा हार घातलेला फोटो दिसला. चेहरा भला होता. आधीच्या भाडेकरूंचा राहिला असेल. हार काढला, काच पुसली आणि शोभाबाईंकडे देऊन आले. म्हटलं, याच्या घरचं कोणी विचारत आलं तर —