जुन्या आवृत्तीसाठी

१२ ऑक्टोबर २०११

उघडली नाही! ओरोझबाय आज सीमेपलीकडच्या डोंगरांतल्या मुर्गाबहून जीप घेऊन खाली ओशला उतरला, पेन ड्राइव्ह माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "आगाय, बुरुल एजे विचारतात, तुम्ही शब्दकोश पाठवलाय की कुंपण? पडद्यावर नुसते चौकोन!" वर हसला.

याक पाळणाऱ्यांच्या बोलीचा कोश आम्ही दोघे करतो. बुरुल, सगळ्यांची एजे म्हणजे ताई, तिथे शाळेत शिकवते, शब्द गोळा करते. तपासतो मी, म्हणून मी आगाय, गुरुजी. उभे आयुष्य मी मुद्रितशोधन केले. माझ्या हातून गेलेल्या पानावर कोणी कुंपण पाहिलेले नाही.

१३ ऑक्टोबर

जाझगुलने उलगडा केला. ती माझी सून, बँकेत नोकरीला आहे. नवे यंत्र तिनेच आणले, तिनेच बसवले.

"बाबा, तुमचं वर्ड नवं, त्यांचं फार जुनं. नव्याला जुनं वाचता येतं, जुन्याला नवं नाही."

मी म्हणालो, वाचता तर थोरांना यायला हवे. ती हसली.

"सेव्ह करताना खालची ओळ निवडायची, जुन्या आवृत्तीसाठी. यंत्र विचारेल, थोडी सजावट जाईल, चालेल का? हो म्हणायचं."

नेमके काय जाईल, असे मी विचारले.

"तुमचे ते नक्षीदार मथळे."

"समासातल्या टिपा?"

"त्या राहतात." मग तिनेच विचारले, "का हो?"

सहज, असे म्हणालो.

१६ ऑक्टोबर

टीप घातली. उन्हाळी कुरणांच्या प्रकरणात, उजव्या समासात. "आपण ओश येथे कायमच्या वास्तव्यास यावे, अशी या घराची मनापासून इच्छा आहे." पुनःपुन्हा वाचली. निर्दोष आहे.

असे प्रश्न आमच्यात माणूस स्वतः विचारत नाही. घरचे कोणीतरी विचारते. पण मुलगा मॉस्कोत. सुनेपुढे हा विषय काढायचा कसा? पत्नी गेल्यानंतरचा हा चौथा हिवाळा. एकटेपणाची सवय होईल, असे सर्वजण सांगत होते. झालीही असती. पण बुरुल दर जूनमध्ये येते, बहिणीकडे उतरते, आणि तुतीखाली आमचे टेबल लागते. मी चूक दाखवली की म्हणते, "आगाय, आमच्या याकांना तुमचं व्याकरण ठाऊक नाही, म्हणून तर दूध देतात!" मग ऑगस्ट संपतो. ती गेल्यावर मी बिनचूक शब्दांवरही पेन्सिल धरून बसतो.

१७ ऑक्टोबर

खालची ओळ निवडली. यंत्राने विचारले. हो म्हणालो. ओरोझबाय निघाला.

२६ ऑक्टोबर

जीप नाही. खिंडीत बर्फ.

१ नोव्हेंबर

जीप नाही. तुतीची पाने झडली. जाझगुल म्हणाली, "बाबा, टेबल आत घेऊ का? भिजेल." नको म्हणालो.

५ नोव्हेंबर

बाजारात ओरोझबायचा भाऊ भेटला. खिंड मोकळी झाली म्हणतो. मुर्गाबला भर दुपारी पाणी गोठते. बुरुलच्या वर्गातली शेगडी धूर फार करते, असे ती उन्हाळ्यात सांगत होती. तेव्हा मी 'धूर' या शब्दाच्या नोंदीविषयी बोलत राहिलो!

९ नोव्हेंबर

फाइल आली. सर्व दुरुस्त्या मान्य. आणि माझ्या टिपेखाली तिची टीप. येथे उतरवून ठेवतो:

"बाळ, तुझं मन मोठं. तू बोलावलंस आणि डोळे भरून आले. पण सुनेच्या शब्दावर मी कशी येऊ? इतके उन्हाळे त्यांच्यासमोर बसले. त्यांनी चुका तेवढ्या काढल्या, दुसरा विषय काढला नाही. त्यांनी स्वतः विचारलं असतं तर गोष्ट वेगळी होती. हे त्यांना दाखवू नकोस."

बाळ कोण? मी एकाहत्तर वर्षांचा आहे!

जाझगुलला हाक मारली. तिने वाचले आणि डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला.

"बाबा, तुमच्या पडद्यावर टिपेची नुसती चौकट दिसते. त्यांच्या जुन्या वर्डमध्ये टिपेवर बाण नेला की लिहिणाऱ्याचं नाव उमटतं."

"मग माझे उमटले असेल."

ती अगदी हळू म्हणाली, "यंत्र लावताना त्यानं मालकाचं नाव विचारलं होतं. तुमचं नाव मी कसं लिहिणार? माझं लिहिलं."

खरेच, कसे लिहिणार? सासऱ्याचे नाव सुनेने ओठावर आणायचे नाही, बोटावरही नाही. तिने ते आजवर एकदाही घेतलेले नाही, आणि हे मी पाहुण्यांना किती अभिमानाने सांगत आलो! म्हणजे मी विचारलेच नव्हते. घरच्या सुनेने विचारले, अगदी रीतीप्रमाणे. आणि बुरुलला नेमकी ती रीत नको होती.

"रागावलात?" जाझगुलने विचारले.

नाही, म्हणालो. तिचे डोळे मात्र चमकत होते. "तिथे तुमचं नाव तुम्हीच टाका ना बाबा. दोन मिनिटांचं काम. आणि परत लिहा. या वेळी घराची इच्छा नका लिहू!"

१० नोव्हेंबर

नाव घातले. जापार. टीप लिहावयास बसलो. "आपण" एवढे लिहिले. पुसले. "तुम्ही" लिहिले. पुसले. मी आणि शब्द सुचू नये!

११ नोव्हेंबर

"पुढची सीट? तुम्हाला?" ओरोझबायने चहाची वाटी खाली ठेवली. "आगाय, वर श्वास लागतो. तिथं बटाटासुद्धा धड शिजत नाही."

"कच्चा खाईन."

"आणि एजेंनी हाकलून दिलं तर?"

"तर तुझी जीप परत येतेच ना!"

त्याने वाटी उचलून रिकामी केली. सीमेच्या परवान्याचे तो पाहणार आहे. पुढच्या गुरुवारी निघायचे.

१६ नोव्हेंबर

जाझगुलने लोकरी मोजे, सुके जर्दाळू, औषधे बांधून दिली. "बाबा, पेन ड्राइव्ह राहिला टेबलावर."

राहू दे, म्हणालो.

१९ नोव्हेंबर, मुर्गाब

विचारले. तोंडाने, आणि वाक्य अर्धेच राहिले. ती म्हणाली, "शाळा सोडून मी खाली येणार नाही. तुम्ही वर राहता का?"

हो म्हणालो.